शुक्रवारची तोंडी परवानगी

त्या शुक्रवारी नायरीकडे एकावन्न माणसं होती. माणसं म्हणजे फायली. पण बाहेर राहून शिक्षा भोगणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या रुआकावा गावच्या प्रोबेशन कचेरीत फायलींना माणसंच म्हणायची पद्धत होती. "तुझ्याकडे किती माणसं?" असं कुणी विचारलं की आकडा सांगायचा. नियमाने चौतीस असायला हवी होती. वरची सतरा शेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्यांची. एका खुर्चीवरची बाई मार्चमध्ये एका सकाळी कचेरीसमोर आली, गाडीतून उतरलीच नाही, अर्धा तास तशीच बसली आणि परत निघून गेली. दुसरीवरचा माणूस ऑस्ट्रेलियात खाणीवर ट्रक चालवायला गेला. दोघांचे चहाचे मग अजून मोरीजवळ उपडे घातलेले होते.

आपल्याला काय होतंय हे नायरीला नीट दिसत होतं, कारण ती मोजणारी बाई होती. संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये गाडी बंद केल्यावर सीटचा पट्टा न सोडता ती किती वेळ बसून राहते, हे तिने मोजलं होतं. जूनमध्ये चार मिनिटं, जुलैत अकरा, आता ऑगस्टात वीस. त्याच आठवड्यात एक बाई तिच्यासमोर बसून चाळीस मिनिटं रडली, आणि ती गेल्यावर नोंद लिहायला घेतली तर नायरीला तिचं नावच आठवेना. दया आली नव्हती, कंटाळाही आला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं दिसत राहिलं होतं.

कचेरीने यावर इलाज काढला होता. दर बुधवारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी संत्र्यांची टोपली यायची.

"खा ताई," पलीकडच्या टेबलावरून फेतू म्हणायचा. "एका संत्र्यावर दोन माणसं पचतात."

फेतू सामोआ बेटाचा. आडवातिडवा, मोठ्या आवाजाचा, रविवारी चर्चमध्ये गाणारा. सहा वर्षं दोघांची टेबलं एकमेकांना चिकटून होती. मधल्या पडद्यावरून तो तिच्या डब्यातलं उचलायचा आणि ती त्याच्या नोंदींतल्या चुका काढायची.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. होहेपा होता.

"मिस, आजोबा गेले. आज पहाटे."

होहेपा एकतीस वर्षांचा. दारूच्या भरात एकाचा जबडा मोडला म्हणून आठ महिने घरकैद. डाव्या घोट्यावर पट्टा, आणि तो कुठे जातो त्याची खबर ऑकलंडच्या देखरेख केंद्राला. एकशे एकावन्न दिवस झाले होते आणि एकदाही त्याचं पाऊल फाटकाबाहेर पडलं नव्हतं. एकावन्न माणसांत असा तो एकटाच होता. आईबाप असून नसल्यासारखे. याला वाढवलं ते आजोबांनी.

"तांगी कुठे?" नायरीने विचारलं. ती स्वतः माओरी. तांगीत मेलेल्या माणसाला माराएवर, म्हणजे कुळाच्या सभाघरात, ठेवून तीन दिवस एकटं सोडायचं नाही, पेटी उघडी ठेवून भोवती गाद्या घालून बसायचं, बोलायचं, रडायचं, हसायचं, हे तिला सांगायला नको होतं.

"वर, नदीकडच्या माराएवर. सोमवारी सकाळी माती. मिस, मी खांदा द्यायला हवा. दुसरं कोण आहे?"

"थांब दहा मिनिटं. परत फोन करते तुला."

एवढ्या दिवसांच्या सुट्टीला कचेरीच्या प्रमुखाची सही लागायची. सही म्हणजे प्रमुखाने संगणकात नोंद टाकायची, की ती ऑकलंडला दिसायची. प्रमुख म्हणजे ग्लेनिस. बासष्ट वर्षांची, स्वतः विणलेले स्वेटर घालणारी, नायरीला अकरा वर्षांपूर्वी हे काम शिकवणारी. नायरीची आई गेली तेव्हा ग्लेनिस सँडविचची दोन मोठी ताटं घेऊन आली होती, आणि गोऱ्या बायका सहसा बसत नाहीत तशी गादीवर मांडी घालून रात्रभर बसली होती.

ग्लेनिस नायरीच्या टेबलाशी उभी राहूनच सगळं ऐकून घेत होती. नायरी अर्ज भरायला लागली तशी तिने तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

"दे इकडे, मी टाकते. तू घरी जा."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"आरशात बघितलंस का स्वतःला? त्या पेटीतला म्हातारा तुझ्यापेक्षा बरा दिसत असेल."

पडद्यापलीकडून फेतू फस्सकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून म्हणाला, "ग्लेनिस! जीभ झडेल!"

"झडू दे. आणि फोन बंद ठेव, नायरी. सोमवारपर्यंत. हुकूम समज हवं तर."

नायरीच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांत कुणी तिला काही करू नकोस असं म्हटलं नव्हतं.

तिने होहेपाला फोन लावला. "जा तू. झालं समज."

"नक्की ना, मिस? कागदबिगद काही?"

"कागदाचं इकडच्या इकडे होतं."

"आणि तिथे रेंज नाही, मिस. पट्टा बोंबलेल."

"बोंबलू दे. आधी सांगितलेलं असलं की त्यांना कळतं."

आधी शब्द, मग संगणक. त्या कचेरीत सगळेच असं करत. नोंदीची वाट बघत बसलं तर माणसाच्या मर्तिकाला, बाळंतपणाला, दातदुखीला कुणीच पोचलं नसतं. नायरीची मात्र एक सवय होती: निघण्यापूर्वी ऑकलंडला फोन करून, नोंद दिसते का, एवढं विचारायचं. दोन मिनिटांचं काम; पण त्याआधी वीस मिनिटं फोनवर तीच ती बासरी ऐकावी लागायची. त्या दिवशी तिने फोन उचलला, बासरीचा पहिला सूर ऐकला आणि ठेवून दिला. मग तो बंदही केला.

शुक्रवारी रात्री ती चौदा तास झोपली. शनिवारी उठून टोस्ट खाल्ला आणि परत झोपली.

सोमवारी सकाळी गॅरेजमध्येच तिने फोन चालू केला. तेवीस फोन येऊन गेले होते. पहिले सात ऑकलंडचे. मग एका बाईचा निरोप होता, खूप हळू आवाजातला. होहेपाची आत्या, केरे आंटी.

"पोरी, मी त्याची आत्या बोलतेय. पोलीस आलेत. तुझं नाव घेतोय तो सारखा. तुला जमलं तर फोन कर."

पुढचे चार निरोपही तिचेच होते. शेवटच्यात नुसता श्वास.

नायरीने तिथेच फोन लावला. जे झालं ते आंटीने एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. शुक्रवारी रात्री पट्ट्याचा संदेश तुटला. ऑकलंडवाल्यांनी होहेपाला फोन केले. पण मृताच्या उशाशी फोन नेत नाहीत, तो गाडीत होता. मिसला केले, तो बंद. नोंद शोधली, नोंद नाही. शनिवारी दुपारी दोन पोलीस आले. माराएच्या फाटकाशी पाहुण्याने थांबायचं असतं. आतल्या बायका हाक घालतात, मगच पाऊल टाकायचं. त्यांतला पोरसवदा शिपाई थांबला नाही. बुटांसकट थेट सभाघराच्या पायरीपर्यंत आला.

"होहेपा गादीवर बसला होता, बाबांच्या डाव्या हाताला. म्हणत होता, माझ्या मिसने सांगितलंय, विचारा तिला. त्यांनी विचारलं, तुझा फोन लागेना. मग तो आपणच उठला. तिथे आत कुणाला त्याच्या अंगाला हात लावायला लागू नये म्हणून." मागून कुणीतरी आंटीला हाक मारली. "आज दहाला माती आहे. खांद्याला माणूस बघतोय आम्ही. ठेवते."

नायरी कचेरीत पोचली ती धावतच. ग्लेनिसने तिला आत घेतलं आणि दार लावलं. तिचा चेहरा शांत होता, धुतल्यासारखा.

"बस. वाईट झालं खरं."

"तू नोंद टाकली नाहीस."

"कसली नोंद?"

"होहेपाची. शुक्रवारी. माझ्या हातातून कागद घेतलास तू."

ग्लेनिसने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं.

"मला आठवतंय ते असं, की तू म्हणालीस, अर्ज नंतर देते आणि ऑकलंडला फोन मीच करते. तू नेहमी करतेस ना फोन."

शेवटचं वाक्य खरं होतं.

"हे बघ," ग्लेनिस पुढे झुकली. "थकली आहेस तू. एकावन्न माणसं कुणालाही जड जातील. मी वर तसंच लिहीन, की अधिकारी अतिश्रमाने थकलेली आहे. महिनाभर सुट्टी, बोलायला एखादा डॉक्टर. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. तू फक्त एवढं लिही, की परवानगी विचाराधीन होती आणि त्या माणसाचा गैरसमज झाला."

"मग तो आत जाईल. चौऱ्याण्णव दिवस."

"ते कोर्ट ठरवेल. गुरुवारी."

"ग्लेनिस, तू मला म्हणालीस, पेटीतला म्हातारा माझ्यापेक्षा बरा दिसत असेल."

"असलं मी कशाला बोलेन?" ग्लेनिस म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच दुखावल्याची छटा आली. "कुणाच्या मयताबद्दल?"

नायरी बाहेर आली तेव्हा तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी एक थंडगार शंका आली. समोर रडलेल्या बाईचं नाव जिला आठवत नाही, तिच्या आठवणीवर विसंबायचं कसं? शक्यता दोनच होत्या. ग्लेनिस खोटं बोलत होती, किंवा ग्लेनिस जे म्हणते तेच झालं होतं आणि बाकीचं नायरीच्या शिणलेल्या डोक्याने रचलं होतं. दुसरी शक्यता तिला खोडता येईना. शुक्रवार दुपारपासूनच्या तिच्या आठवणी ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरलेल्या होत्या. त्या घटनेला तिसरा साक्षी हवा होता, आणि तो एकच होता.

मंगळवारी सकाळी कचेरीमागच्या गाडीतळावर तिने फेतूला गाठलं. धुकं होतं. तो गाडीतून तिन्ही मुलांच्या शाळेच्या पिशव्या काढून बायकोच्या गाडीत टाकत होता.

"फेतू, शुक्रवारी ग्लेनिस माझ्या टेबलाशी काय बोलली?"

"कधी? ते म्हाताऱ्याचं?" तो हसला. "पेटीतला तुझ्यापेक्षा बरा दिसत असेल म्हणाली. मी हसलो आणि मग मलाच लाज वाटली. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिने मला झाडलं."

नायरीने गाडीच्या टपाला धरलं. "आणि नोंदीचं?"

"मी टाकते, म्हणाली. तू घरी जा, फोन बंद ठेव. का गं?" मग त्याला उमगलं. होहेपाची गोष्ट एव्हाना सगळ्या कचेरीला ठाऊक होती. "अरे देवा. नाकारते की काय?"

"म्हणते, असं काही झालंच नाही. फेतू, कोर्टात कुणी विचारलं तर सांगशील?"

"विचारलं तर सांगणारच ना, ताई. मी काय खोटं बोलणार? रविवारी कोणत्या तोंडाने गाऊ?"

त्या दिवशी ती पहिल्यांदाच पोटभर जेवली. आपलं डोकं शाबूत आहे हे कळणं, हा काही लहान आनंद नव्हे.

दुपारी ती कोठडीत होहेपाला भेटायला गेली. त्याला कोठडीचा निळा अंगरखा आखूड होत होता. तो उठून उभा राहिला. उभं राहण्याची सवय त्याला आजोबांनी लावली होती.

"काल दहाला घड्याळ बघितलं, मिस. म्हटलं, आता उचलत असतील. सव्वादहाला म्हटलं, आता टेकडी चढत असतील. ती चढण निसरडी आहे, डावीकडे उंच माणूस लागतो." त्याने हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "एक विचारू? तुम्ही विसरलात का?"

"विसरले नाही. माझ्या साहेबांनी मी करते म्हणून सांगितलं, आणि केलं नाही. मी तपासायला हवं होतं. नेहमी तपासते. त्या दिवशी नाही तपासलं."

होहेपाने अडकवलेली बोटं सोडवली. "म्हणजे मला काय, मिस? तेच ना."

"तू तुरुंगात जाणार नाहीस. मी कोर्टात सांगते."

"तुम्ही 'झालं समज' म्हणालात तेव्हा मी समजलो होतो," तो म्हणाला. चिडून नव्हे, तिला काहीतरी समजावून सांगत असल्यासारखा. "आता तुम्ही काही म्हणू नका, मिस. जे करायचं ते करा."

बुधवारी सकाळी सगळे नेहमीप्रमाणे मधल्या खोलीत जमले. त्यांचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि एका गाण्याने. प्रार्थना झाल्यावर ग्लेनिसने हात जोडून जाहीर केलं, की रिकामं पडलेलं वरिष्ठ अधिकाऱ्याचं पद आता फेतू सांभाळणार. टाळ्या वाजल्या. फेतूने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला आणि सगळे हसले. मग प्रथेप्रमाणे त्याच्यासाठी गाणं झालं. नायरी खालच्या पट्टीत गायली. तिला खरंच आनंद झाला होता. तीन वर्षं तो त्या पदासाठी अर्ज करत होता आणि तीन वर्षं त्याचे अर्ज तिनेच तपासून दिले होते.

संत्र्यांची टोपली आली. या खेपेला फेतूने तिला संत्र्यावरून टोमणा मारला नाही. नव्या पदाचा संकोच असेल, असं तिला वाटलं.

तिने आपला अहवाल लिहून ग्लेनिसकडे दिला: तोंडी परवानगी मी दिली, शुक्रवारी तीन चाळीसनंतर, नोंद करण्याचं प्रमुखांनी स्वतःकडे घेतलं, देखरेख केंद्राकडे खात्री मी केली नाही, ही चूक माझी. तासाभराने तो तिच्या टेबलावर परत आला. वर शेरा होता, 'पुराव्याचा आधार नाही.' त्याच्याऐवजी कोर्टाला जायचा अहवाल ग्लेनिसने स्वतः लिहिला होता. 'परवानगीची नोंद आढळत नाही. आरोपीचा गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे. संबंधित अधिकारी गेले काही महिने कमालीची थकलेली आहे.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. नायरीने तो दोनदा वाचला आणि तिला जवळजवळ कौतुक वाटलं.

"उद्या कोर्टात तू नकोस," ग्लेनिस दारातून म्हणाली. "विश्रांती घे. खात्यातर्फे फेतू उभा राहील."

फेतू उभा राहणार! नायरीला हायसं वाटलं. यापेक्षा चांगलं काय हवं होतं?

गुरुवारी ती रजा टाकून कोर्टात गेली. होहेपाच्या वकिलाला बाहेरच गाठून तिने सगळं सांगितलं. तो नवखा होता, हातात त्या सकाळचे नऊ खटले होते. पण ऐकता ऐकता तो कागद चाळायचा थांबला. "तुमची नोकरी जाऊ शकते, कल्पना आहे ना?" त्याने विचारलं. तिला होती.

आत मागच्या बाकांवर केरे आंटी काळ्या कपड्यांत बसली होती, डोक्यावर सुतकाची हिरवी पानं तशीच. समोर खात्याच्या टेबलाशी फेतू. नवी टाय बांधली होती. त्याने नायरीला पाहिलं आणि कागद सारखे करायला घेतले.

अहवाल वाचून झाला. वकिलाने उठून सांगितलं, की आरोपीला परवानगी देणारी अधिकारी इथे हजर आहे आणि तिला बोलायचं आहे. न्यायाधीश एक वयस्कर बाई होत्या. चष्म्यावरून त्यांनी नायरीकडे पाहिलं आणि शपथ घ्यायला सांगितली.

नायरीने सांगितलं. जसं झालं तसं, वेळांसकट. बासरीचं सुद्धा सांगितलं.

"लेखी काही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"तुमच्या प्रमुख लिहितात, परवानगीची नोंदच नाही. त्या असंही लिहितात, की तुम्ही गेले काही महिने कमालीच्या थकलेल्या आहात."

"ते खरं आहे, मॅडम. थकलेली आहे."

"हे संभाषण आणखी कुणी ऐकलं?"

"हो. माझे सहकारी. ते इथेच आहेत."

सगळ्यांच्या माना फेतूकडे वळल्या. तो उठला. एवढा मोठा माणूस, पण उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला.

"आपण शुक्रवारी दुपारी कचेरीत होता?"

"हो, मॅडम."

"हे संभाषण आपण ऐकलंत?"

फेतूने नायरीकडे पाहिलं नाही, होहेपाकडेही नाही. न्यायाधीशांच्या मागच्या भिंतीवर कुठेतरी त्याने नजर ठेवली. "शुक्रवारी दुपारी खूप गडबड होती, मॅडम. मला... मला तसं काही ऐकल्याचं आठवत नाही."

नायरीला आधी वाटलं, त्याला प्रश्न नीट कळला नाही. ती आशेने त्याच्याकडे बघत राहिली. पुढच्या क्षणी तो काहीतरी जोडेल, 'पण' म्हणेल. मग तिला कालची टाळ्यांची खोली दिसली. मंगळवारी फेतू होता तसा होता. बुधवारी त्याला पद मिळालं. गुरुवारी त्याला आठवेना. तीन दिवस, तीन नोंदी. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. आणि मधल्या दिवशी ती स्वतः गायली होती, खालच्या पट्टीत, मनापासून.

"बसा," न्यायाधीश म्हणाल्या. मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"माझ्यासमोर एक अहवाल आहे, ज्याच्यामुळे कुणाचंच नुकसान होत नाही, आरोपी सोडून," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि एक साक्ष आहे, जिच्यामुळे साक्षीदाराचंच नुकसान होतं. माणूस स्वतःचं घर जाळायला सहसा खोटं बोलत नाही. परवानगी मिळाली आहे असं समजायला आरोपीला सबळ कारण होतं, हे मी मान्य करते. घरकैद आहे तशी चालू राहील. त्यांना आजच घरी सोडा." मग चष्मा काढून नायरीला म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटांचा एक फोन केला असतात, तर आज आपण कुणीच इथे नसतो. तेही मी लिहिणार आहे."

"हो, मॅडम."

फेतू खोटं बोलला ते वायाच गेलं होतं. तो खरं बोलता तरी होहेपा सुटलाच असता, आणि खोटं बोलला तरी सुटलाच. नायरीच्या मनात हे येऊन गेलं आणि त्याने तिला जराही बरं वाटलं नाही.

बाहेरच्या जिन्यात होहेपा आला. आता त्याच्या अंगावर त्याचे शनिवारचे काळे कपडे होते, चुरगळलेले. तो नायरीच्या समोरून गेला. थांबला नाही, नजर चुकवलीही नाही. रस्त्यावरच्या खांबाजवळून जावं तसा गेला. केरे आंटी मात्र थांबली.

"खरं बोललीस, पोरी."

"आंटी, मी..."

"बोललीस, ते चांगलंच केलंस. पण खरं गुरुवारी बोललीस. माती सोमवारी झाली." तिने नायरीच्या दंडावर हात ठेवला, दाबला आणि काढून घेतला. "बाबांच्या डाव्या बाजूला आम्ही शेवटी शेजारच्या गावचा माणूस लावला. भला होता बिचारा. बाबांना ओळखतही नव्हता."

फेतू सगळ्यांत शेवटी बाहेर आला. जिना एकच होता, त्याला चुकवता आलं नसतं.

"ताई." तो दोन पायऱ्या वर थांबला. "ग्लेनिसचा फोन होता. तुला आजपासून घरी बसायचंय, चौकशी होईपर्यंत. माणसं... तुझी माणसं माझ्याकडे आणि तिच्याकडे वाटली आहेत. होहेपा माझ्याकडे आला." त्याने हातातली फाईल उघडली. "त्याच्याबद्दल काही ठाऊक असायला हवं का मला?"

"तो दोनदा विचारतो," नायरी म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारत नाही. तू हो म्हणालास की निघतो. तेव्हा बघून म्हण."

त्याने मान हलवली आणि जायला निघाला.

"फेतू, एकच सांग. कुणाला सांगणार नाही, कोर्ट संपलं. माझ्यासाठी सांग. तू मंगळवारी मला म्हणालास ना, की तू ऐकलंस? बायकोने तुला झाडलं म्हणून?"

गाडीतळावर तेव्हा धुकं होतं, त्याच्या हातात पिशव्या होत्या, सगळं तिला लख्ख आठवत होतं. तरी तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं. एकदा. इथे, जिन्यात, साक्षीदार नसताना.

फेतूने खाली हातातल्या फायलीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती कुठे पाहिली हे नायरीला लगेच कळलं. ग्लेनिसच्या चेहऱ्यावर, सोमवारी.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तू खूप थकली आहेस गं."

"थकलेय," नायरी म्हणाली. "बहिरी नाही झाले."

तिने बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो कठड्याला अंग चोरून खाली उतरला आणि दाराशी पोचेपर्यंत एकदाही मागे वळला नाही. नायरीने गळ्यातलं कचेरीचं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी बोटांभोवती गुंडाळली आणि चौकशी होईपर्यंत ते कुणाकडे जमा करायचं असतं, हे कोर्टाच्या कारकुनाला विचारायला पुन्हा जिना चढून वर गेली.